दिशा दिसेनाशा झाल्यावर



तथागतांचा 'अत्तदीप' हा उपदेश आपल्याइतका कोणी मिरवला नसेल. वस्तीच्या कमानीवर तो रंगविलेला असतो, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर छापलेला असतो, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात प्रत्येक वक्ता तो एकदा तरी उच्चारतो. स्वतःच स्वतःचा दीप व्हा, दुसऱ्या कोणाच्या आधाराची वाट पाहू नका, असा त्याचा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्या समाजाला शतकानुशतके दुसऱ्याच्या दयेवर जगावे लागले, त्याला हा उपदेश प्राणप्रिय वाटावा यात नवल नाही.

परंतु अलीकडे हा उपदेश एका निराळ्याच ठिकाणी कानावर येतो. घरातले एखादे माणूस महिनोन्महिने खिन्न असते. त्याची जेवणावरची वासना उडालेली असते. पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. कामावर जाणे, अंघोळ करणे, कुणाशी चार शब्द बोलणे, सगळेच डोंगराएवढे वाटते. असे माणूस धीर करून कुणाजवळ मन मोकळे करते आणि त्याला उत्तर मिळते, "अरे, तू बौद्ध ना? अत्तदीप हो. आपले मन आपणच सांभाळायचे असते." सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. ऐकणारा मात्र एक ओझे घेऊन आलेला असतो, तो दोन ओझी घेऊन घरी जातो. आजार तर आहेच, वर आपण धड बौद्धही नाही ही नवी बोचणी.

तेव्हा हा उपदेश कोणाला, कोणत्या वेळी केला गेला आणि त्याला जोडून पुढे काय सांगितले गेले, हे आज नीट पाहू.

हा प्रसंग महापरिनिब्बान सुत्तात आला आहे. तथागत तेव्हा ऐंशीच्या घरात होते. वैशालीजवळच्या बेलुव नावाच्या खेड्यात ते वर्षावासासाठी थांबले. थांबण्यापूर्वी त्यांनी भिक्खूंना सांगितले की, वैशालीच्या आसपास जिथे तुमचे मित्र असतील, ओळखीचे असतील, जिव्हाळ्याची माणसे असतील, तिथे तुम्ही वर्षावास करा. आपल्या प्रवचनकारांच्या नजरेतून ही सूचना नेहमी सुटते. त्या वर्षावासात तथागत स्वतः अतिशय आजारी पडले. मरणप्राय वेदना झाल्या. स्मृती ढळू न देता त्यांनी त्या सोसल्या. उतार पडल्यावर एके दिवशी ते विहाराबाहेर सावलीत येऊन बसले, तेव्हा आयुष्मान आनंद जवळ आले आणि त्यांनी आपली अवस्था सांगितली. तिचा आशय असा की, भगवंतांचे आजारपण पाहून माझे अंग गुंगी आल्यासारखे जड झाले, मला दिशा दिसेनाशा झाल्या, ऐकलेला धम्मही सुचेनासा झाला.

आनंद म्हणजे कोणी नवखा उपासक नव्हे. पंचवीस वर्षे ते तथागतांच्या सेवेत होते, आणि धम्म जितका त्यांनी कानांनी ऐकला तितका क्वचितच कोणी ऐकला असेल. अशा माणसाला दिशा दिसेनाशा झाल्या! आनंदांना आजच्या अर्थाने मनाचा आजार झाला होता असे मला म्हणायचे नाही. गुरू जाणार या भीतीने ते हादरले होते. पण त्यांनी वापरलेले शब्द पाहा. आजारी माणसे आज हेच शब्द वापरतात. अंग जड झाले आहे, काही सुचत नाही, पुढचे काही दिसत नाही. आणि तथागतांनी, इतकी वर्षे माझ्याजवळ राहून तुझे हे असे कसे, असा ठपका त्यांच्यावर ठेवला नाही. आपले शरीर आता म्हातारे झाले आहे, दोऱ्यांनी आवळलेल्या जुन्या गाड्यासारखे कसेबसे चालते आहे, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आणि मग अत्तदीप होण्याचा उपदेश केला.

आता पुढचा भाग. अत्तदीप कसे व्हायचे? हा प्रश्न तथागतांनी स्वतःच उपस्थित केला आणि उत्तर दिले: कायेकडे पाहा, वेदनांकडे पाहा, चित्ताकडे पाहा, मनातल्या धम्मांकडे पाहा. यात क्रम महत्त्वाचा आहे. सुरुवात शरीरापासून आहे. 'मन खंबीर कर' असा हुकूम तिथे नाही. ज्याला दिशा दिसत नाहीत त्याने आधी आपला श्वास, आपले चालणे, बसणे, उठणे इतकेच पाहायचे आहे. आजारी गुरूने हतबल झालेल्या शिष्याला, जिव्हाळ्याच्या माणसांजवळ राहण्याची सूचना सर्वांना देऊन झाल्यावर केलेला असा हा उपदेश आहे. तो एकट्याने झुंजण्याचा आदेश कसा होईल?

आता या आजाराविषयी थोडे स्पष्ट बोलू. दुःख आणि हा आजार एक नव्हेत. पीक गेले, नोकरी गेली, घरातले माणूस गेले, तर मन दुःखी होणारच. चार माणसे आली, दिवस गेले, की ते हळूहळू सावरते. खिन्नतेच्या आजारात दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास राहते किंवा कशातच रस वाटत नाही. त्याबरोबर झोप बिघडते, भूक मरते किंवा भलतीच वाढते, शक्ती जाते, लक्ष लागत नाही, आपण नालायक आहोत असे वाटत राहते आणि कधी कधी जगणेच नको वाटते. आपल्याकडची माणसे 'मी खिन्न आहे' असे म्हणत नाहीत. पुरुष म्हणतो डोके धरते, अंगात बळ नाही. बाई म्हणते जीव रमत नाही, पाठ दुखते, छातीत धडधडते. शाळेतले पोर तर काहीच म्हणत नाही. ते चिडचिड करते, मागच्या बाकावर जाऊन बसते, त्याचे गुण घसरतात आणि आम्ही शिक्षक त्याला आळशी ठरवतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात वीस जणांमागे सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार होतो. म्हणजे पौर्णिमेला विहारात शंभर माणसे बसली असतील तर हिशेब आपणच करावा.

हा आजार का होतो? जुन्या धर्माकडे याचे उत्तर तयार होते. पूर्वजन्मीचे पाप. जातीलाही तेच कारण आणि आजारालाही तेच. संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने राजगृहाच्या वेळुवनात तथागतांना नेमका हाच प्रश्न विचारला आहे. माणसाला जे जे सुखदुःख भोगावे लागते ते सारे पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपले काय मत? तथागतांनी आठ कारणे मोजली. पित्त, कफ, वात, या तिघांचा संयोग, ऋतूतला बदल, आहारविहारातला विषमपणा, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्मविपाक. आठांतल्या सात गोष्टी कर्माच्या बाहेरच्या. सगळेच पूर्वकर्माने होते असे म्हणणारे चुकतात, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्माचे कर्म या जन्मात भोगावे लागते हा सिद्धांतच नाकारला आहे. तेव्हा ज्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे त्या घरात आजारी सुनेला 'काय पाप केले होतेस' असे कोणी विचारू नये.

पण विचारतात. त्याहून वाईट म्हणजे, 'बाहेरचे झाले आहे' म्हणून गुपचूप भगताकडे नेतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांची तिसरी-चौथी पिढी आज हाताशी आहे. सुखाच्या दिवसांत त्या प्रतिज्ञा पाळणे सोपे जाते. घरातली लेक रात्री झोपत नाही, भिंतीकडे पाहून रडते, तेव्हा शेजारीण देवऋषाचा पत्ता देते आणि आईचे मन डगमगते. मी त्या आईला दोष देत नाही. तिला दुसरा पत्ता कोणी दिलाच नव्हता. पण परिणाम पाहा. उतारे, अंगारे, उपास यांत महिने जातात आणि आजार मुरतो. कुठे कुठे तर माणसाला बांधून ठेवतात. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी आश्रमाला आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. कायदा भोंदूला पकडतो. घरातल्या माणसाला दवाखान्यापर्यंत नेण्याचे काम मात्र आपल्यालाच करावे लागते.

सीवकाला सांगितलेल्या कारणांतील 'बाहेरून झालेला आघात' याकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे. आपल्या मुलामुलींच्या बाबतीत हे कारण फार मोठे आहे. घरातला पहिला पदवीधर काय ओझे वाहतो ते मी स्वतःच्या अनुभवाने जाणतो. बापाची मजुरी, आईचे मोडलेले मणी, धाकट्यांच्या आशा, सगळ्यांचा हिशेब त्याच्या गुणपत्रिकेवर मांडलेला असतो. आणि तिथे, वसतिगृहात किंवा प्रयोगशाळेत, त्याचे आडनाव विचारून हसणारे भेटतात. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. अशी मुले खचतात तेव्हा त्यांना ध्यान शिकवून भागत नाही. आघात करणारा हात धरावा लागतो. त्यासाठी संघटना आहे, कायदा आहे, लढा आहे. बाजारातली 'आनंदी राहा, सकारात्मक विचार करा' छापाची पुस्तके या बाबतीत चकार शब्द काढत नाहीत. त्यांच्या मते सगळे दुःख वाचकाच्या डोक्यात असते आणि वाचकानेच ते काढून टाकायचे असते. मला तर हा पूर्वकर्माचाच सिद्धांत नवे कपडे घालून आलेला वाटतो. तिथे मागच्या जन्माचे पाप, इथे आताचे चुकीचे विचार; दोष दोन्हीकडे भोगणाऱ्याचाच.

असे असले तरी, आजारी माणसाच्या स्वतःच्या हातात काहीच नाही असेही धम्म म्हणत नाही. पुष्कळ आहे. अंगुत्तर निकायात महामोग्गल्लानांची एक गोष्ट आहे. मगध देशात कल्लवाळमुत्त गावी ते ध्यानाला बसले असता सारखे पेंगत होते. तथागत त्यांच्याकडे गेले आणि त्यांना एकामागून एक उपाय सांगितले. ज्या विचाराने झापड येते तो विचार सोड. नाही जमले तर ऐकलेल्या धम्माचे चिंतन कर. नाही तर तो मोठ्याने म्हण. तरीही नाही जमले तर कानाच्या पाळ्या ओढ, हातपाय चोळ. उठून डोळ्यांना पाणी लाव, चारी दिशांकडे पाहा, आकाशातल्या ताऱ्यांकडे पाहा. मनात उजेड आण. येरझाऱ्या घाल. आणि इतके करूनही झापड जाईना, तर उजव्या कुशीवर स्मृतिपूर्वक आडवा हो, आणि जाग येताच उठ.

थिनमिद्ध म्हणजे मनाचे आणि शरीराचे जडत्व. त्यावर याहून व्यवहारी उपदेश मी वाचलेला नाही. एक उपाय चालला नाही तर ऐकणाऱ्याला नालायक ठरवलेले नाही, लगेच दुसरा दिला आहे. विचाराने जमत नसेल तर तोंडाने, तोंडाने जमत नसेल तर हाताने, हाताने जमत नसेल तर पायाने. आणि शेवटी झोपण्याचीही परवानगी आहे, फक्त उठायचे ठरवून झोपायचे. मोग्गल्लान हे तथागतांच्या दोन अग्रश्रावकांपैकी एक. त्यांना कान ओढून घ्यावे लागले तर आपल्याला लाज कसली?

आजचे वैद्यकशास्त्र आपल्या वाटेने याच ठिकाणी आले आहे. खिन्न माणूस म्हणतो, 'बरे वाटले की कामाला लागेन.' तज्ज्ञ सांगतात की उलटे करा. थोडे थोडे कामाला लागा, मग बरे वाटेल. काम बंद झाले की माणसे तुटतात, माणसे तुटली की मन आणखी खचते, मन खचले की राहिलेले कामही सुटते. हे चक्र कृतीच्या टोकाला धरून थांबवता येते. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत या पद्धतीची पारख केली. ४९५ रुग्ण होते, आजार साधा नव्हता, चांगला बळावलेला होता. मदत करणारे मानसोपचाराची पदवी नसलेले, त्याच भागातले, थोडे प्रशिक्षण घेतलेले लोक होते. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेटीत रुग्णाच्या दिवसात एखादी जमेल अशी कृती परत आणायची, इतकाच गाभा. तीन महिन्यांनी या गटातील १०० पैकी ६४ जण आजारातून बाहेर आले होते. ज्यांना केवळ नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण ३९ होते. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली हे प्रसिद्ध झाले. आपल्या वस्तीतल्या बारावी झालेल्या मुलीला जे शिकवता येईल असे ते काम आहे, म्हणून मी ते इतके सविस्तर सांगितले.

ते घरी कसे करावे? संध्याकाळी कागदावर उद्याची एकच गोष्ट लिहावी. 'सुधारेन' असे लिहू नये, ते मोजता येत नाही. 'सात वाजता दारात बसून चहा पिईन' असे लिहावे. जमले तर खूण करावी. चार दिवसांनी 'कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जाईन' असे लिहावे. उन्हात चालणे, ठरल्या वेळी उठणे, दुपारी लोळत न राहणे, एका माणसाशी बोलणे, ज्या गोष्टीत पूर्वी जीव रमायचा ती पाच मिनिटे करणे. ढोलकी वाजवणारा असेल त्याने नुसती ढोलकी काढून पुसावी, वाजवायचे नंतर पाहू. आणि एकदम फार ताणू नये. सोण नावाच्या भिक्खूने चालून चालून पायांतून रक्त काढले आणि तरी मन लागेना म्हणून चीवर सोडायचे ठरवले, तेव्हा तथागतांनी त्याला त्याच्या पूर्वीच्या वीणेची आठवण दिली. तारा फार ताणल्या तरी सूर नाही, फार सैल सोडल्या तरी नाही. पहिल्याच दिवशी पहाटे पाचला उठून पाच किलोमीटर चालण्याचा संकल्प करणारा तिसऱ्या दिवशी अंथरुणात असतो, आणि आता त्याच्या मनात हरल्याची आणखी एक नोंद असते.

विचारांचे काय? मज्झिम निकायातल्या वितक्कसण्ठान सुत्तात तथागतांनी सुताराचा दाखला दिला आहे. सुतार लाकडात बसलेली जाड खुंटी दुसरी बारीक खुंटी ठोकून बाहेर काढतो. तसा एक विचार दुसऱ्या विचाराने काढायचा. अमेरिकेतल्या ॲरन बेक या मनोविकारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात जी उपचारपद्धती मांडली तिचेही सूत्र काहीसे असेच आहे. 'माझ्यामुळे घराचे वाटोळे झाले' हा विचार घ्या. तो दाबून टाकू नये, तो दाबला जात नाही. तो वहीत लिहावा. त्याच्याखाली विचारावे, पुरावा काय? वाटोळे म्हणजे नेमके काय झाले? त्यातले माझ्यामुळे किती, दुष्काळामुळे किती, सावकारामुळे किती? माझ्या मित्राने हेच स्वतःविषयी म्हटले असते तर मी त्याला काय सांगितले असते? कालामांना तथागतांनी जी तपासणी शिकवली तीच इथे स्वतःच्या मनाला लावायची. ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरेने आले म्हणून मानू नका. तसेच, माझेच मन म्हणते म्हणूनही मानू नका. अर्थात, आजार फार बळावलेला असताना हे लिहिणे होत नाही. तेव्हा वही बाजूला ठेवावी आणि चहाच्या कपापासून सुरुवात करावी.

दारूविषयी एकच सांगतो. आपल्याकडे पुरुषांच्या खिन्नतेवरचे सर्वांत स्वस्त औषध तेच समजले जाते. दारू मेंदूला मंद करते, झोप तोडते आणि दुसऱ्या दिवशी उदासी दामदुपटीने परत करते. पाचवे शील आणि बाबासाहेबांनी दिलेली प्रतिज्ञा या बाबतीत वैद्यकशास्त्राच्या पूर्ण बाजूने आहेत.

ध्यानाविषयी मात्र सावधपणे बोलले पाहिजे, कारण 'मन आजारी आहे ना, मग दहा दिवस शिबिराला जा' असे सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मेघिय नावाचा भिक्खू एकदा तथागतांचा उपस्थाक होता. नदीकाठची एक रम्य आमराई पाहून तिथे एकट्याने ध्यान करण्याची त्याला इच्छा झाली. थोडा थांब, असे तथागतांनी त्याला सांगितले. त्याने तीनदा आग्रह धरला आणि गेला. आमराईत बसल्यावर वाईट विचारांनी त्याला असे घेरले की तो गोंधळून परत आला. तथागतांनी त्याला जे सांगितले त्यातली पहिली गोष्ट कोणती? कल्याणमित्र. मन परिपक्व नसताना आधी चांगला सोबती हवा, शील हवे, धम्मचर्चा हवी, बाकीचे त्यानंतर. इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या केंद्रांच्या प्रवेश-अर्जातही मानसिक आजाराविषयी विचारलेले असते. ते लपवून कोणाला पाठवू नये. बरे झाल्यावर, आजार पुन्हा उलटू नये म्हणून, स्मृतीचा अभ्यास अनेकांना उपयोगी पडतो असे आढळले आहे आणि २००२ सालापासून तशी उपचारपद्धतीही जगात रुजली आहे. पण ऐन आजारात, सगळ्यांपासून तोडून, मौनात बसवणे हा मेघियाचाच रस्ता.

आणखी एक हत्यार आपण सहज उचलतो. बाबासाहेबांनी किती सोसले, तरी ते खचले का, असे आपण आजारी माणसाला विचारतो. बाबासाहेबांची चार मुले गेली. १९२६ साली लाडका राजरत्न गेला तेव्हा त्यांनी आपल्या स्नेह्याला लिहिलेले पत्र ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की ते आतून पार मोडले होते. जीवनात आता रस उरला नाही, असाच त्या पत्राचा सूर आहे. १९३५ साली रमाई गेल्या तेव्हाही त्यांची अवस्था पाहवत नव्हती. ते पुढे उभे राहिले, १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर होते, हे खरे. पण त्यांनी दुःख लपवले नाही, मित्राला लिहिले, आणि पोरक्या झालेल्या बापासारखे रडले. खिन्न माणसाला बाबासाहेबांची गोष्ट जरूर सांगावी, पण पत्रासकट सांगावी.

औषधांबद्दल आपल्या लोकांच्या मनात फार भीती आहे. वेड लागेल, सवय लागेल, आयुष्यभर घ्यावे लागेल. विनयपिटकातील महावग्गात औषधांवर एक स्वतंत्र खंधक आहे आणि जीवकासारखा वैद्य तथागतांवर उपचार करीत असे. शरीराला औषध चालते तर मेंदू काय शरीराबाहेर आहे? सौम्य आजारात बोलण्याचे उपचार आणि कृती पुरे पडू शकतात. आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर गोळ्यांची गरज लागू शकते. त्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता वाटते आणि नेमके तिथेच आपले लोक त्या सोडतात. खिन्नतेवरच्या गोळ्या वेगळ्या आणि झोपेच्या गोळ्या वेगळ्या; सवय लागण्याचा धोका मुख्यतः दुसऱ्यांचा. थायरॉइडचा दोष किंवा अंगात रक्त कमी असणे यांनीही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून आधी साधी रक्ततपासणी करून घ्यावी. आपल्या बायाबापड्यांत रक्त कमी असणे तर घरोघरी आहे. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो आणि तिथे खासगी दवाखान्यासारखा खर्च येत नाही. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली; १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही, मराठीतून, विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फलकावर लिहिण्यासारखा आहे.

कोणी 'जगावेसे वाटत नाही' असे म्हणाले, किंवा न म्हणताही आपली सामानाची वाटणी करू लागले, निरवानिरवीचे बोलू लागले, तर त्याला सरळ विचारावे: मरणाचे विचार येतात का? विचारल्याने विचार मनात भरत नाही. उलट कुणीतरी विचारले याचे ओझे हलके होते. त्या रात्री त्याला एकटे ठेवू नये. फवारणीची औषधे घरातून हलवावीत. सकाळ होण्याची वाट न पाहता फोन करावा किंवा दवाखाना गाठावा.

राहिला प्रश्न विहाराचा. अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच घाणीत पडलेला एक भिक्खू तथागतांना दिसला होता. इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगी पडला नव्हता. तथागतांनी आनंदांना पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. तथागतांनी डोक्याकडून धरले, आनंदांनी पायांकडून, आणि दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर निजवले. मग संघ जमवून नियम केला की आजाऱ्याचा गुरू असेल तर त्याने, शिष्य असेल तर त्याने शुश्रूषा करावी, आणि कोणीच नसेल तर संघाने करावी.

आमच्याकडे विहार समितीत वर्गणीचा हिशेब ठेवायला एक माणूस असतो, मूर्तीच्या देखभालीला एक, जयंतीच्या मिरवणुकीला तर दहा. पौर्णिमेला नेहमी येणारे कोण गेले दोन महिने आले नाही, हे पाहणारा एक माणूस नेमायला काय अडचण आहे? त्याने त्या घरी जावे. उपदेश करू नये. अर्धा तास बसावे, शक्य तर त्या माणसाबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत चालून यावे, आणि पुन्हा केव्हा येणार तो वार सांगून यावे. दवाखान्याचा दिवस असेल तर सोबत जावे, कारण केसपेपरच्या रांगेत तास-दोन तास उभे राहणे खिन्न माणसाच्याने होत नाही आणि तो अर्ध्यातून परत फिरतो. बाई आजारी असेल तर महिला मंडळातल्या एकीने जावे. वर्षावासात आपण तीन महिने ग्रंथवाचन करतोच. वाचन संपल्यावर दहा मिनिटे या भेटींसाठी राखली तर वाचनात खंड पडत नाही. आणि ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांना एक सांगणे: श्रामणेर शिबिराला किंवा धम्मसहलीला जाताना गोळ्या सोबत घ्याव्यात. बरे वाटते म्हणून, किंवा आता धम्मात आलो म्हणून, डॉक्टरांना न विचारता त्या बंद करू नयेत. कमी करायच्या झाल्या तर त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, हळूहळू कमी करायच्या असतात.